सरस थांबत नाही

८ जानेवारी

चि. ठोकीस,

अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम.

तुमच्या मंडळीत ऑर्गन वाजवणारी बाई परवा एका लग्नासाठी इकडे आली होती. ती म्हणाली, तू सलग चार रविवार उपासनेला नव्हतीस. आजारी आहे का, असं मी काळजीने विचारलं. आजार कसला, म्हणाली, आम्ही गीत म्हणत होतो आणि पलीकडच्या कारखान्यातून तुमची बहीण ताल देत होती.

मी पाळक नंतर आणि तुझा भाऊ आधी, म्हणून आधी भावासारखा रागावतो. बाबा गेल्यावर शिड्यांचा कारखाना तू अंगावर घेतलास तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तुझ्या बाजूने मी एकटा बोललो. तो कारखाना एक दिवस तुलाच खाऊन टाकील, यासाठी नव्हतो बोललो.

आता पाळक म्हणून. तू म्हणशील, मुदत आहे. मुदत कुणाला नसते? कामाला जुंपलेल्या माणसाला आधी रविवार परवडेनासा होतो. मग घरचं जेवण परवडत नाही, मग झोप, आणि शेवटी शेजारी बसलेला माणूससुद्धा परवडेनासा होतो. विसाव्याचा दिवस देवाने स्वतःच्या सोयीसाठी काढलेला नाही. तू यंत्र नाहीस, ही गोष्ट तुला आठवड्यातून एकदा तरी आठवावी म्हणून काढला आहे.

तेव्हा दोन गोष्टी कर. रविवारी कुलूप लाव. आणि रोज सकाळी अकरा वाजता अर्धा तास प्रार्थना ठेव. काम सुरू होण्याआधी नको आणि संपल्यावर नको. उरलेला वेळ देवाला देऊ नये, मधला द्यावा. हातातलं काम आहे तिथे, अर्धं टाकून उभं राहायचं. अर्पण म्हणतात ते हेच.

जाता जाता एक मागणं. आमच्या उपासनामंदिराची शिडी मोडली आहे आणि वरच्या खिडकीवर इतकी धूळ साचली आहे की भर दुपारी दिवे लावून गीतं म्हणावी लागतात. एक शिडी पाठव.

तुझा,
दादा

२० जानेवारी

प्रिय दादा, सलाम.

ऑर्गनवालीला सांग, ताल तिचाच चुकतो. मी ठोकते ती बरोबर ठोकते. उगाच नाही लहानपणापासून तुम्ही सगळे मला ठोकी म्हणत.

आता माझी बाजू ऐक. इथून सत्तर मैलांवर एका कंपनीची फळबाग आहे. तिच्या व्यवस्थापकांनी फळं उतरवायला साठ शिड्या मागितल्या आहेत, मार्चअखेरपर्यंत. बाबांच्या हयातीत एका वेळी दहाच्या वर शिड्या कुणी नेल्या नव्हत्या. आणि आम्ही माणसं सात, त्यातले मिस्त्रीकाका सत्तरीला टेकलेले. त्यांना निवृत्त व्हा म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करतात आणि रंधा जोरात चालवतात.

तू सोळाव्या वर्षी घर सोडून शिकायला गेलास, म्हणून तुला इथलं काम अर्धंच आठवत असेल. शिडी म्हणजे दोन उभे दांडे आणि अकरा पायऱ्या. पायरीच्या दोन्ही टोकांना गरम सरस लावायचा, ती दांड्यांच्या भोकांत बसवायची आणि लगेच शिकंजा आवळायचा, म्हणजे लाकूड लाकडाला दाबून धरतं. दुसऱ्या दिवशी शिकंजा काढून एकेक पायरी लाकडी हातोडीने ठोकायची. बाबा कान लावून म्हणायचे, ही बोलली, ही बोलली, ही पुटपुटते आहे. पुटपुटणारी शिडी दाराबाहेर जात नसे. ठोकायचं काम आता माझ्याकडे आहे.

तरी तुझं ऐकते. रविवारचं मला पटलंच आहे. गेल्या रविवारी मिस्त्रीकाकांचा हात कापत होता, आणि मी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. त्याची अजून लाज वाटते. अकराच्या प्रार्थनेचं तितकं पटलेलं नाही, पण तू दादा आहेस. सोमवारपासून सुरू केली. छताला जुनी कानस टांगली आहे, ती वाजवली की सगळे आहेत तिथे थांबतात. ज्यांना यायचं ते येतात, बाकीचे गप्प बसतात. मिस्त्रीकाका कुठल्याच मंडळीत जात नाहीत, पण टोपी काढून सगळ्यात सरळ तेच उभे असतात.

तो अर्धा तास कुठून तरी भरून काढावा लागेल. ते मी बघते.

तुझी शिडी याच आठवड्यात करायला घेतली आहे. ट्रकवाल्याची इकडची फेरी झाली की पोचेल.

तुझी,
ठोकी

१९ फेब्रुवारी

चि. ठोकीस,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि चौथ्यांदा मंडळीपुढे वाचलं. रागावू नकोस, मिस्त्रीकाकांच्या हाताची ओळ गाळली. देव फक्त बाकांवर बसलेल्यांचा नाही, भुश्शात उभ्या असलेल्यांचाही आहे, असं मी त्या दिवशी म्हणालो. रंधा हातात असताना ज्यांनी डोकं खाली केलं त्यांनी सबंध कारखान्याची वेदी केली, असंही म्हणालो. मागच्या बाकावर नेहमी पेंगणारे घड्याळजी जागे राहिले. याहून मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

शिडी गुरुवारी आली. सरस आहे. बाबा असते तर या शब्दावर हसले असते, कारण त्यांच्या तोंडी सरस म्हणजे फक्त भांड्यात उकळणारा. शनिवारी मीच चढलो. खिडकीचा वरचा कोपरा पुसला तर आत निळी काच निघाली! मला वाटायचं ती राखाडीच आहे.

उतरताना वरून तिसरी पायरी पायाखाली किंचित फिरल्यासारखी वाटली. माझं वजन तुला माहीत आहे. दोष तुझ्या वहिनीच्या हातच्या जेवणाचा, शिडीचा नाही.

तुझा,
दादा

(खाली, वेगळ्या अक्षरात)

ठोकीताई, यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. पायरी किंचित फिरली नाही, निसटली. हे सरळ खाली आले. घोटा सुजून एवढा झाला आहे की बूट चढत नाही. रविवारी प्रवचन खुर्चीत बसून केलं आणि मंडळीला सांगितलं, आज देवासमोर नम्र होऊन बसलो आहे. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांना दाखवलं. पण तुला कळायला हवं. — वहिनी

२३ फेब्रुवारी

दादा,

पाय कसा आहे ते वहिनीला लिहू दे. तुझ्यावर माझा विश्वास नाही.

शिडीवर कुणालाही चढू देऊ नकोस. आडवी ठेव. मग झाडूचा लाकडी दांडा घे, प्रत्येक पायरीच्या मधोमध ठोक आणि कसा आवाज येतो ते लिही. गंमत म्हणून नाही, नीट ऐकून लिही. माझ्या शिड्यांपैकी तेवीस बागेत पोचल्या आहेत.

ठोकी

२६ फेब्रुवारी

चि. ठोकीस,

पाय बरा आहे. तुझी वहिनी मान हलवते आहे, म्हणून दुरुस्त करतो: बरा होतो आहे.

अकरा पायऱ्या ठोकल्या. आठ टण्ण वाजल्या. वरून तिसरी, पाचवी आणि सर्वांत खालची थप्प वाजल्या, ओल्या पोत्यावर मारावं तशा. निसटलेली तिसरी मी हाताने परत बसवून ठोकली होती, म्हणून तिचं सोडून दे.

एक सांगतो, डगमगू नकोस. कुठेही प्रार्थना सुरू झाली की सैतान खिळे ढिले करायला येतोच. ज्या महिन्यात तू कारखाना देवाच्या हाती दिलास त्याच महिन्यात हे व्हावं, यातच खूण आहे. माघार घ्यायची नाही. अर्ध्या तासाची पाऊण तास कर.

तुझा,
दादा

४ मार्च

प्रिय दादा,

पाऊण तास केली असती तर साठच्या साठ गेल्या असत्या.

आपल्या शिडीत खिळा नसतो, त्यामुळे सैतानाला सोडून दे. तुझं पत्र आलं तशी मी सरसाच्या भट्टीशेजारच्या बाकावर मिस्त्रीकाकांना बसवलं आणि विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, आपण सरस कधी लावतो? पावणेअकराला. कानस कधी वाजते? अकराला. एवढंच बोलले.

बाबांचं एक वाक्य होतं, आठवतं? घरात पाहुणे आले, पाऊस आला, कुणी बोलावलं, तरी ते हात न थांबवता म्हणायचे: सरस थांबत नाही. लावल्यापासून चार-पाच मिनिटांत पायरी भोकात बसून आवळली गेली पाहिजे. मग त्यावर साय धरते. वरून ओला दिसतो, आतून मेलेला असतो. मी कानस वाजवायची तेव्हा रोज तीन-चार पायऱ्या सरस लावून तयार असायच्या. आम्ही त्या बाकावर ठेवायचो, हात जोडायचो, आणि अर्ध्या तासाने त्याच पायऱ्या ठोकून बसवायचो. हातातलं काम अर्धं टाकून, तू म्हणाला होतास अगदी तसं.

पण हे तुझ्यावर ढकलून मी सुटत नाही. खरं ते लिहिते. गेलेला अर्धा तास मी कुठून भरून काढला माहीत आहे? ठोकण्यातून. दर शिडीची पहिली आणि शेवटची पायरी ठोकायची, मधल्या नऊ सोडून द्यायच्या. तुझ्या शिडीची तर शेवटचीही ठोकली नव्हती. भावाला जायची आहे म्हटलं, भाऊ काय तक्रार करणार. बाबांनी चाळीस वर्षं एक पायरी सोडली नाही आणि मी प्रार्थनेच्या नावाखाली रोज कितीतरी सोडल्या. देवाला वेळ दिला खरा, पण तो माझा नव्हता. शिडीवर चढणाऱ्याचा होता.

मिस्त्रीकाकांना म्हटलं, तुम्हाला हे दिसत होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, तुम्ही डोळे मिटून उभ्या असायच्या, त्यात बोलायचं कसं? मग टोपी हातात फिरवत म्हणाले:

"ताई, मला तुमच्या धर्मातलं कळत नाही. पण ज्याला तुम्ही हाक मारता तो सुताराच्या घरचा ना? मग तो वरून म्हणत असेल, अगं, आधी ती पायरी बसव, मी कुठे पळून चाललोय."

दादा, मी हसले आणि मग रडले.

बागेत फळं उतरवायला अजून दहा दिवस आहेत. बायका पाठीला टोपली बांधून चढतात आणि दोन्ही हात फांदीत असतात. सांगितलं तर व्यवस्थापक सगळं काम काढून घेतील, आणि या कामावर इथली सात घरं उभी आहेत. सांगावं का, असं मी तुला विचारत नाही. उद्या सकाळच्या ट्रकने मिस्त्रीकाकांना घेऊन जाते आहे. तू आमच्यासाठी प्रार्थना कर. पण उभ्याने नको, पाय उशीवर ठेवून.

ठोकी

८ मार्च

ठोके,

तुझं पत्र आल्यापासून मी दोन प्रवचनं लिहून फाडली. तिसरं लिहिलंच नाही. काठीवर रेलून उभा राहिलो आणि मंडळीला सांगितलं की मी पडलो तो माझ्याच सल्ल्यावरून पडलो.

मी त्यांना म्हणालो, वीस वर्षं मी तुम्हाला शिकवत आलो की काम एकीकडे आणि देव दुसरीकडे, आणि मधल्या भिंतीला एक दार आहे. दिवसातून एकदा ते उघडा, आत जाऊन या आणि पुन्हा लावून घ्या. कुणी बांधली ही भिंत? आम्हीच बांधली, ज्यांचे हात मऊ आहेत त्यांनी. ज्या आज्ञेने सातव्या दिवशी थांबायला सांगितलं तिनेच आधीचे सहा दिवस काम करायला सांगितलं आहे, आणि तो अर्धा भाग आम्ही घाईने वाचतो. नीट बसवलेली पायरी ही कुणाच्या तरी जिवासाठी केलेली विनंती आहे. ती ढिली ठेवून जोडलेले हात देवाला दिसत असतील, पण त्याचं लक्ष त्या पायरीकडे असेल.

एवढं म्हणून मी बसलो. बाहेर पडताना घड्याळजींनी माझा हात धरला. ते म्हणाले, पाळकसाहेब, दुकानात मी घड्याळं दुरुस्त करतो तेव्हा श्वास रोखून धरतो, त्याला काय म्हणायचं ते मला आज कळलं. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की हा माणूस माझ्या प्रवचनात झोपतो. झोपतोच, पण आठवडाभर जागा असतो.

रविवारच्या कुलपावर मात्र मी ठाम आहे. तिथे एक इंचही मागे येणार नाही.

बागेत काय झालं? दोन ओळी तरी लिही.

तुझा,
दादा

२९ मार्च

प्रिय दादा, सलाम.

दोन ओळी लिहायला तीन आठवडे लागले, म्हणून आता चार पानं वाच.

व्यवस्थापकांना गोदामाबाहेर गाठून मी एका दमात सगळं सांगितलं. प्रार्थनेचं, सरसाचं, न ठोकलेल्या पायऱ्यांचं. ते आधी माझ्याकडे आणि मग मिस्त्रीकाकांकडे बघत राहिले, जणू आमच्यातलं शहाणं कोण हे ठरवत होते. मग म्हणाले, बाई, माझ्याकडे माल विकणारे रोज येतात, माल वाईट आहे असं सांगायला तुम्ही पहिल्याच. हे कौतुक नव्हतं. फार रागात होते ते.

तेवीस शिड्या झाडांखाली आडव्या मांडल्या आणि मी पहिल्या शिडीच्या पहिल्या पायरीपासून ठोकायला लागले. फळं उतरवणाऱ्या बायका आधी लांबून बघत होत्या. मग त्यांची मुकादमीण जवळ आली. धिप्पाड बाई, कमरेला हात लावून उभी. म्हणाली, आम्ही रोज या लाकडावर जीव टाकतो आणि आम्हाला कुणी कधी शिकवलं नाही की ते बोलतं. तिने माझ्या हातातली हातोडी घेतली. नवव्या शिडीनंतर मी नुसती बसून होते. बाया ठोकत होत्या आणि ओरडून सांगत होत्या, ही बोलली, ही बोलली, अगं ही सासूसारखी पुटपुटते. पुटपुटणाऱ्या शिड्या सात निघाल्या. सातही ट्रकमध्ये टाकून परत आणल्या. एकीवरही कुणी चढलेलं नव्हतं, दादा. हे लिहिताना अजून हात थांबतो.

व्यवस्थापकांनी वीस शिड्या कमी केल्या आणि त्या दुसऱ्या एका कारखान्याकडून मागवल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या चाळीस शिड्या परवा पुऱ्या झाल्या, दर शिडीच्या अकराही पायऱ्या ठोकून. मुदतीच्या चार दिवस आधी. कुणाचंही काम गेलं नाही. बाजारासाठी किरकोळ शिड्या करतो आहोत, पूर्वी करायचो तशाच.

पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या कारखान्याच्या वीस शिड्या बागेत उतरल्या तेव्हा मुकादमीण हातोडी घेऊन उभीच होती. तिने एकेक पायरी ठोकली आणि सहा शिड्या परत पाठवल्या. त्यांचा माणूस म्हणाला, असं आजवर कुणी केलं नाही. ती म्हणाली, आजवर आम्हाला कान नव्हते. व्यवस्थापकांनी ही हकिगत ट्रकवाल्याकरवी माझ्या कानावर घातली आहे. पुढच्या हंगामाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता प्रार्थनेचं. मी ती बंदच केली असेल, असं तुला वाटत असेल. सोमवारी मी कानस काढायला स्टुलावर चढले, तर मिस्त्रीकाका म्हणाले, राहू द्या, वेळ बदला. शिकंजा आवळल्यावर शिडीला घटकाभर हात लावायचा नसतो. हलवली की सांधा बिघडतो. बाबा त्या वेळात खिडकीशी उभे राहायचे, तुला आठवतं का? मला वाटायचं ते रस्ता बघतात. मिस्त्रीकाका म्हणाले, नाही, ओठ हलायचे त्यांचे. कोणत्याही कानशीशिवाय, चाळीस वर्षं.

म्हणून आता आमच्याकडे अकरा वाजत नाहीत. शेवटचा शिकंजा आवळला की कानस वाजते, मग ते साडेदहाला असो की पावणेबाराला. आपल्याला करता येण्यासारखं सगळं केलेलं असतं आणि आता फक्त थांबायचं असतं. त्या वेळी हात आपोआप जोडले जातात. तुझा अर्धा तास काही होत नाही, दहा मिनिटं होतात. पण ती दहाही बोलतात.

रविवारी कुलूप असतं. सोमवारी मिस्त्रीकाकांचा हात कापत नाही. एवढं तुझं बरोबर होतं, लिहून देते, वहिनीला दाखव.

पुढच्या रविवारी तुझी नवी शिडी घेऊन मी स्वतः येते. उपासनेलाही बसेन, पण तुमच्या तिथल्या गीतांवर ठोकणार नाही असं वचन देत नाही.

तुझी,
ठोकी

१४ एप्रिल

चि. ठोकीस,

तू गेल्यापासून घर सुनं आहे आणि उपासनामंदिर उजळ आहे. वरची खिडकी पूर्ण पुसली. निळ्या काचेखाली पिवळी निघाली. आता सकाळच्या उपासनेला दिवे लावावे लागत नाहीत, आणि घड्याळजींच्या डोळ्यावर ऊन येतं. त्यांनी जागा बदलली नाही, तिथेच डोळे मिटून बसतात. मी आता त्यांना काही म्हणत नाही.

तुला एक कबुली द्यायची आहे. शनिवारी प्रवचन लिहून झालं तेव्हा तू विसरून गेलेली लाकडी हातोडी टेबलावर होती. मी एकेक वाक्य मोठ्याने वाचलं आणि टेबलावर ठोकलं. बहुतेक वाक्यं बोलली. पण जिथे माझाच आवाज मला सगळ्यात गोड वाटत होता, नेमकी तिथली नऊ वाक्यं पुटपुटली. काढून टाकली. वाईट वाटलं, कारण त्यांतली दोन फार सुंदर होती.

हातोडी परत पाठवत नाही. बाबांच्या कारखान्यातली एक वस्तू माझ्याकडेही असू दे.

तुझा,
दादा

(खाली, वेगळ्या अक्षरात)

ठोकीताई, प्रवचन पंचवीस मिनिटांत आटोपलं. तू परत कधी येणार, असं मंडळी विचारते आहे. खिडकी पुसायला हे चढले तेव्हा शिडी मी धरली होती. मला वाटलं, आता लांबलचक प्रार्थना होणार आणि माझे हात भरून येणार. पण यांनी आधी खाली बसून अकराही पायऱ्या ठोकल्या, एकेकीला कान लावून. मग हात जोडले, आणि मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला. — वहिनी